वारा 12 नॉटच्या वर गेला की आमची जे/24 मागे का पडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोट जुनी जे/24, म्हणजे शर्यतीची 24 फुटी शिडाची बोट. शिडं दोन हंगामांपूर्वीची, बूड नीट घासलेलं. हलक्या वाऱ्यात ती ताफ्याबरोबर राहते. वारा 12-14 नॉटच्या (1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी) पुढे गेला की मात्र वाऱ्यावर, म्हणजे वारा येतो त्या दिशेकडे तिरकं, चढताना शेजारच्या बोटी वरून निघून जातात, ही खाली सरकत राहते आणि टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हाताला ओढ देऊ लागतो. आता कीलचा (बुडाखालच्या वजनदार पात्याचा) आकार घासून-भरून नीट करून घ्यावा, नवी शिडं शिवून घ्यावीत, की सरळ जे/70 सारखी आधुनिक हलकी बोट घ्यावी?

माझं मत विचाराल तर तिन्हींपैकी काहीच नको, निदान आत्ताच नको. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं एकाच कारणाची आहेत: बोट जास्त कलते आहे. वन-डिझाइन वर्गात सगळ्या बोटी सारख्या असतात, म्हणून आपण मागे पडलो की संशय पहिल्यांदा सामानावर जातो. सामान सारखं असल्यामुळेच उरलेला फरक बहुतेक वेळा ते वापरण्यात असतो. ही बोट कलण्याबद्दल इतकी हळवी का आहे, हे तिच्या आकड्यांवरून दिसतं.

रॉड जॉनस्टोन यांनी या बोटीचा पहिला नमुना, 'रॅगटाइम', स्वतःच्या घरच्या गॅरेजमध्ये बांधला आणि 1977 पासून कारखान्यात उत्पादन सुरू झालं. लांबी 7.32 मीटर, रुंदी 2.71 मीटर, पाण्याखालची खोली 1.22 मीटर, वजन सुमारे 1,400 किलो. त्यातलं कीलमधलं शिसं 430 किलोच्या आसपास, म्हणजे एकूण वजनाच्या 31 टक्के. आता शेजारी सोलिंग ठेवून बघा. यान लिंगे यांनी आखलेली ही बोट 1972 ते 2000 ऑलिंपिकमध्ये होती. ती 8.2 मीटर लांब आणि फक्त 1.9 मीटर रुंद, वजन 1,035 किलो आणि त्यातले 580 किलो कीलचे, म्हणजे 56 टक्के. 1929 ची ड्रॅगन याच जातीची, लांब, अरुंद आणि निम्म्याहून जास्त वजन कीलमध्ये. अशी बोट कलली तरी तिची पाण्यातली आकृती फारशी बिघडत नाही आणि खालचं वजन तिला मुकाट्याने परत उभं करतं. क्रू त्या बोटींवरही बाहेर लोंबकळतो, पण चुकलं तर कील सांभाळून घेते.

जे/24 चा हिशोब वेगळा आहे. ती आखूड, रुंद आणि खाली हलकी. तिचं उभं राहणं दोन गोष्टींवर चालतं: रुंद बुडाचा पाण्यावरचा आधार, आणि कडेवर बसलेला क्रू. वर्गाच्या नियमाने क्रूचं एकूण वजन 400 किलोपर्यंत चालतं. म्हणजे पाच जणांचं वजन जवळजवळ कीलमधल्या शिशाइतकं, आणि ते हवं तिथे हलवता येतं.

किती फरक पडतो, ते ढोबळ आकड्यांत मांडतो. समजा बोट आणि क्रू मिळून 1,775 किलो, क्रू 375 किलो, आणि बोट 15 अंश कललेली आहे. या आकाराच्या बोटीत त्या कोनाला उभं करणारा हात (तरफेचं अंतर) पाव मीटरच्या आसपास धरला, तर बोटीचा स्वतःचा उभं करणारा मोमेंट (वजन गुणिले अंतर) 450 किलो-मीटरच्या घरात येतो. क्रू मधल्या रेषेपासून सरासरी 1.2 मीटर बाहेर बसला असेल तर त्याचाही मोमेंट तेवढाच, 430-450 किलो-मीटर. निम्मी बोट क्रूच उभी धरतो. आता यातला 75 किलोचा एक जण दोरी आवरायला आत आला आणि 80 सेंटिमीटर मधल्या रेषेकडे सरकला की 60 किलो-मीटर गेले. ते भरून काढायला बोट आणखी सुमारे 2 अंश कलते. एकच माणूस, तोही अर्ध्या मिनिटासाठी. प्रत्येक टॅकनंतर, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून बाजू बदलल्यानंतर, दोघं जण उशिरा कडेवर पोचत असतील तर शर्यतभरात काय होत असेल याचा अंदाज करा.

दुसरीकडे वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 10 नॉटवरून 14 नॉटवर गेलात की शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. क्रू मात्र तेवढाच आणि कीलही तेवढीच. 12 नॉटच्या आसपास या बोटीवर सगळे पूर्ण बाहेर बसलेले असतात आणि त्यानंतर उभं करणारं बळ संपलेलं असतं. तिथून पुढे वाढणारा प्रत्येक नॉट शिडातून कमी करूनच फेडावा लागतो. म्हणजे तुमची बोट 12 नॉटला बिघडत नाही. तोवर क्रूच्या वजनाने जी ढिलाई झाकली जात होती, ती तिथे उघडी पडते.

टिलरच्या ओढीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात उपयोगी तपशील तोच आहे. बोट कलली की शिडाचा जोर लागण्याची जागा वाऱ्याआडच्या बाजूला बाहेर जाते. ती जागा पाण्यापासून 5 मीटर उंच धरली तर 15 अंशांना ती मधल्या रेषेपासून 1.3 मीटर बाहेर असते आणि 25 अंशांना 2.1 मीटर. पुढे ढकलणारा जोर इतका एका बाजूला गेला की तो बोटीची नाळ वाऱ्याकडे फिरवणारच. त्यात रुंद बूड कललं की त्याची पाण्यातली आकृती एकांगी होते आणि तीही बोटीला त्याच दिशेला वळवते. हे दोन्ही रोखायला तुम्ही टिलर स्वतःकडे ओढून धरता. पातं पाण्यात तिरकं उभं राहतं आणि वेग खातं. वेग कमी झाला की कीलचा जोर कमी होतो, बोट जास्त सरकते, तुम्ही उंची टिकवायला आणखी वाऱ्याकडे चढता आणि बोट आणखी मंदावते. हे चक्र एकदा सुरू झालं की नवं शीड लावून सुटत नाही.

थोडी ओढ मात्र हवीच. सुकाणू 3-4 अंश फिरलेलं असेल तर त्याचं पातं कीलच्या जोडीने आडव्या सरकण्याला विरोध करतं, हा फायदाच आहे. 6-7 अंशांच्या पुढे गेलं की ते ब्रेकचं काम करू लागतं. हे डोळ्यांना नीट कळत नाही आणि हातालाही फसवं लागतं, म्हणून डेकवर खूण करून घ्या. टिलरचं टोक सुकाणूच्या अक्षापासून 1 मीटरवर असेल तर मधल्या रेषेपासून 7 सेंटिमीटरवर रंगीत टेपची एक पट्टी चिकटवा. ते झाले 4 अंश. दुसरी पट्टी 12 सेंटिमीटरवर, ते जवळजवळ 7 अंश. दोन्ही बाजूंना तशाच पट्ट्या लावा. टिलर पहिल्या पट्टीच्या आत-बाहेर खेळत असेल तर बोट ठीक आहे. दुसऱ्या पट्टीला वारंवार जात असेल तर सुकाणू धरणाऱ्याने कुणालाही न विचारता मेनसेलवाल्याला (मागचं मुख्य शीड सांभाळणाऱ्याला) सांगायचं, "सोड." माझ्या मते 50 पैशांच्या या टेपपुढे पुष्कळ महाग उपकरणं फिकी आहेत. कोन मोजायला साधा कलदर्शक बसवलात तर उत्तमच. या बोटीवर 15 अंशांच्या आसपास राहायचं, 20 अंश म्हणजे उशीर झाला.

मग सोडायचं काय आणि कुठल्या क्रमाने? इथे बहुतेक क्रू उलटं करतात. झोत आला की मेनशीट (मेनसेलची दोरी) सोडतात. त्याने बूम (शिडाखालची आडवी काठी) वर उचलला जातो, शिडाची मागची कड एकदम उघडते आणि बोटीचा जोर आणि उंची दोन्ही जातात. जे/24 मध्ये पहिली गोष्ट बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीच्या टोकापासून मागे येणारी तार. तो ओढला की डोलकाठी वाकते आणि मेनसेलचं पोट सपाट होतं, आणि त्याच वेळी पुढची तार ताणली जाऊन जेनोआ (पुढचं मोठं शीड) सुद्धा सपाट होतं. एका दोरीत दोन्ही शिडं बदलतात, म्हणून ती दोरी मेनसेलवाल्याच्या हाताशी आणि सहज चालणारी हवी. जुन्या बोटींवर तिच्या कप्प्या इतक्या रखडतात की कोणी तिला हातच लावत नाही. तुमची तशी असेल तर पहिला खर्च तिथे करा. बॅकस्टेनंतर ट्रॅव्हलर (मेनशीटचं टोक आडवं सरकवणारा गाडा) खाली सोडायचा, जेणेकरून शिडाचा पीळ न बदलता ते सगळंच्या सगळं वाऱ्याआड जाईल. मेनशीट शेवटी, मोठ्या झोतासाठी. वारा दिवसभरासाठीच वाढला असेल तर जेनोआच्या शीटची कप्पी एक-दोन भोकं मागे घ्या, म्हणजे शिडाचा वरचा भाग उघडेल आणि वरचा दाब निघून जाईल. उंचावरचा दाब बोटीला सगळ्यात जास्त कलवतो, कारण त्याचा हात लांब असतो. आणि वारा 18-20 नॉटला टिकून राहिला तर जेनोआ उतरवून जिब (पुढचं लहान शीड) लावायला लाजू नका. ते मोठं जेनोआ तेव्हा ओझं झालेलं असतं.

डोलकाठीच्या बाजूच्या तारांचा ताण शर्यतीआधी मोजून लावा. वारा वाढणार असेल तर जास्त, हलका असेल तर कमी. ताण कमी राहिला तर वाऱ्यात पुढची तार वाऱ्याआड झुकते, जेनोआचं पोट फुगतं, आणि सपाट शीड हवं नेमक्या त्या वेळी तुम्हाला खोल शीड मिळतं. आपलं शीड जुनं झालं, असं तुम्हाला जे वाटतंय, त्यातला मोठा भाग हाच असण्याची शक्यता आहे. शिडं दोन हंगामांची आहेत, टाकाऊ नाहीत.

आता आडवं सरकणं. कील हा पाण्यातला पंख आहे. बोट तिरकी सरकते म्हणूनच त्याला पाण्याशी कोन मिळतो आणि तो जोर देतो. सरकणं शून्य होत नाही, 3 ते 5 अंश ते हवंच. पण पंखाचा जोर वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. साडेपाच नॉटला 4 अंश सरकून जेवढा जोर मिळतो, तेवढाच जोर वेग दोन-तृतीयांशावर, म्हणजे साधारण पावणेचार नॉटवर आला की 9 अंश सरकल्याशिवाय मिळत नाही. आणि आखूड, जाड कीलचा प्रवाह फार मोठ्या कोनाला तुटतोच. टॅक संपल्या संपल्या बोट नेमकी याच अवस्थेत असते. म्हणून टॅकनंतर लगेच शिडं घट्ट ओढून वाऱ्याकडे चढणारी बोट खाली वाहत जाते आणि वर बसलेल्यांना ते कळतही नाही, कारण नाळ योग्य दिशेला दिसत असते. टॅकनंतर काही क्षण दोन-चार अंश खाली चालवा, जेनोआ शेवटचे 10-15 सेंटिमीटर सैल ठेवा, वेग आला की दोन्ही गोळा करा. पूर्ण बोटीची लांबी इथे वाचते, आणि ती प्रत्येक टॅकला वाचते. लाटांत आपटून बोट थांबली तरी हेच औषध.

कलण्याने कीलही अपुरी पडते. 25 अंशांना तिचा पाण्यात आडवा विरोध करणारा भाग जवळजवळ एक-दशांशाने घटतो. 1.22 मीटर खोली आधीच जेमतेम आहे. म्हणजे खाली सरकण्याचा दोष कीलच्या आकाराला द्यायच्या आधी तिला उभी चालू द्या.

तरी कीलबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. जे/24 च्या नियमांत कील भरून-घासून ठरावीक मर्यादेत आणता येते. ठरावीक ठिकाणी तिची जाडी मोजतात आणि ती किमान-कमाल आकड्यांत बसावी लागते. कारखान्यातून आलेल्या जुन्या कील दोन्ही बाजूंना सारख्या नसत, त्यामुळे एका टॅकवर बोट बरी आणि दुसऱ्या टॅकवर मंद, असा प्रकार व्हायचा. तुम्हाला तसं जाणवतं का ते आधी तपासा. दोन्ही टॅकवर त्रास सारखाच असेल तर कील हे कारण नाही. काम केलंच तर पुढच्या एक-तृतीयांश भागाचा गोलवा आणि दोन्ही बाजूंची समानता यांवर मेहनत घ्या, प्रवाह तिथेच घडतो किंवा बिघडतो. मागची कड पातळ ठेवा आणि सरळ कापून तिचे कोन धारदार सोडा. गोल केलेल्या कडेमागे भोवरे आळीपाळीने सुटतात, पातं थरथरतं आणि वेगात बोट गुणगुणू लागते. तो आवाज ऐकून बोट पळते आहे असं अनेकांना वाटतं. पृष्ठभाग 400 नंबरच्या कागदाने ओला घासलात की पुरे. त्यापुढची चकाकी फक्त किनाऱ्यावर उपयोगी.

मात्र हे सगळं तुमच्या वर्गाचे नियम हातात घेऊन करा. वन-डिझाइन वर्गांतल्या बहुतेक बंदिस्त नियमांचं सूत्र असं की जे स्पष्टपणे मान्य केलेलं नाही ते मना आहे. प्रत्येक वर्गाची मुभा वेगळी. 2017 च्या जे/70 जागतिक स्पर्धेत, पोर्टो चेर्वोला, कीलचा आकार बदललेल्या काही बोटी मोजणीत पकडल्या गेल्या आणि बाद झाल्या. जे/24 मध्ये जे रीतसर आहे ते तिथे गुन्हा ठरलं. मला स्वतःला जे/70 ची कडक बाजू जास्त पटते. कीलवर हाताने काम करू देणं म्हणजे ज्याच्याकडे कारागीर आणि वेळ आहे त्याला वेग विकत घेऊ देणं, आणि वर्ग स्थापन होतो तो तेच टाळायला. पण जे/24 च्या काळात कारखान्यातले साचे आजइतके काटेकोर नव्हते, त्यामुळे ती मुभा देण्यावाचून इलाजही नव्हता.

जे/70 घ्यावी का? ती 2012 ची. लांबी 6.93 मीटर, वजन सुमारे 800 किलो, कार्बनची डोलकाठी, वर उचलता येणारी कील आणि 1.45 मीटर खोली. वजन कमी आणि तेही खोल गेलेलं, त्यामुळे कीलचा प्रत्येक किलो जास्त काम करतो. पातंही लांब आणि अरुंद, म्हणून टॅकनंतर लवकर पकड घेतं. पण पाण्यातली लांबी दोघींची जवळजवळ सारखी, 6 मीटरच्या थोडी वर. अशा बोटी वाऱ्यावर चढताना स्वतःच्याच लाटेत अडकतात, आणि ती मर्यादा मीटरमधल्या लांबीच्या वर्गमुळाला 2.43 ने गुणून मिळते, म्हणजे सुमारे 6 नॉट. त्यामुळे वर चढताना चमत्कार होणार नाही. खरा फरक वाऱ्याबरोबर जाताना आहे. जोराच्या वाऱ्यात असममित स्पिनेकर (वाऱ्याबरोबर जाताना लावायचं फुगीर शीड) लावलेली हलकी बोट लाटेवर चढून घसरते आणि ती मर्यादा मागे टाकते. 1,400 किलोची जे/24 तिथे क्वचित पोचते, आणि पोचली तर आडवी पडायच्या बेतात असते.

कलण्याचं म्हणाल तर जे/70 त्याबाबत आणखी कडक मास्तर आहे. हलकी बोट प्रत्येक झोताला लगेच उत्तर देते, चांगलंही आणि वाईटही. जे/24 वर शीड वेळेवर न सोडणारा क्रू तिथे अधिक झपाट्याने मागे पडेल. तुमच्या पाण्यात जे/24 चा ताफा मोठा असेल तर मी तिथेच राहीन. या वर्गाच्या 5,000 हून जास्त बोटी बांधल्या गेल्या, त्यामुळे सामान आणि अनुभवी शेजारी दोन्ही मिळतात. एकट्या नव्या बोटीशी कोण शर्यत लावणार?

बोट ठेवणार असाल तर दोन गोष्टी मात्र याच आठवड्यात बघा. पहिली, हलच्या (बोटीच्या सांगाड्याच्या) दोन थरांमधलं बाल्सा लाकूड. जुन्या बोटींत ते स्क्रूच्या भोकांतून पाणी पिऊन बसतं. लाकडी मुठीने डेकवर आणि बुडावर ठोकत जा. टणक आवाज अचानक बसका झाला तर तिथे ओल आहे. स्टँशनच्या (कठड्याच्या खांबांच्या) आणि विंचच्या (दोरी ओढायच्या चक्रीच्या) बुडाशी आधी ठोका. भिजलेलं लाकूड वजन वाढवतं, तेही कायमचं, आणि बोट लवचिक करतं. बोट वाकू लागली की तारांचा ताण तुम्ही कितीही लावा, तो पुढच्या तारेपर्यंत पोचत नाही. तसं निघालं तर वर लिहिलेल्या बॅकस्टेच्या युक्त्या अर्ध्याच लागू पडतील, आणि नव्या शिडांचे पैसे त्या दुरुस्तीत घालणं शहाणपणाचं ठरेल.

दुसरी, कॉकपिटमधल्या लॉकरची झाकणं. जोराच्या वाऱ्यात स्पिनेकरखाली ही बोट आडवी पडते, हा तिचा जुना स्वभाव आहे. कारण तेच, फार कललं की सुकाणू पाण्याबाहेर येऊ लागतं. आडवी पडल्यावर उघड्या लॉकरमधून पाणी आत शिरून जे/24 बुडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. झाकणांचे खटके घट्ट बसतात का, रबर तडकलंय का ते पाहा, आणि वारा 15 नॉटच्या वर असेल तर किनारा सोडायच्या आधी प्रत्येक खटका हाताने ओढून बघायचं काम क्रूमधल्या एकाच्या नावावर लावून टाका.